द्विमितीतील योगी आणि मातीतील मल्ल : ‘स्ट्रीट फायटर २’मधील भारतप्रतिमा आणि काशीची आखाडा-परंपरा

ओसाका येथील कॅपकॉम या जपानी कंपनीने ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ १९९१ साली नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांसाठी बाजारात आणला. त्याची घरगुती आवृत्ती १० जून १९९२ रोजी निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी प्रसिद्ध झाली. या एका आवृत्तीच्या सुमारे ६३ लाख प्रती खपल्या. आठ योद्ध्यांपैकी एक निवडावयाचा, नकाशावर विमानाने देशोदेशी जावयाचे आणि तेथील योद्ध्याशी झुंजावयाचे, एवढीच या खेळाची कथावस्तू आहे. जपान, अमेरिका, ब्राझील, चीन, सोव्हिएत संघ, स्पेन, थायलंड आणि भारत असे देश त्या नकाशावर आहेत. घरगुती आवृत्ती आली तेव्हा सोव्हिएत संघ विसर्जित होऊन काही महिने लोटले होते; नकाशावर मात्र तो होता तसाच राहिला. खेळाच्या नकाशाला राजकीय भूगोलाशी फारसे कर्तव्य नव्हते. त्याला हवी होती ती एका दृष्टिक्षेपात ओळखू यावी अशी राष्ट्राची मुद्रा.

भारताची अशी मुद्रा म्हणजे धालसिम. कृश देह, मुंडित मस्तक, गळ्यात कवट्यांची माळ, मुखातून अग्नी आणि हवे तेव्हा पडद्याच्या अर्ध्या रुंदीपर्यंत लांबणारे हातपाय. त्याच्यामागे हत्ती उभे असलेला महाल दिसतो. नगराचे नाव नाही, नदी नाही, घाट नाही. तौलनिक साहित्याभ्यासात एका समाजाच्या वाङ्मयात दुसऱ्या समाजाची प्रतिमा कशी घडते याचा विचार दीर्घकाळ होत आला आहे. प्रवासवर्णने, कादंबऱ्या आणि नाटके ही त्या विचाराची नेहमीची सामग्री. तिच्या तुलनेत विसाव्या शतकाच्या अखेरीस या खेळातील भारत किती अधिक घरांत पोहोचला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याला अभ्यासाबाहेर ठेवणे कठीण जाते. येथे विचारावयाचा प्रश्न मात्र मर्यादित आहे. झुंजींच्या खेळात भारताच्या वाट्याला मल्ल न येता योगी का आला, आणि योगी व मल्ल हे दोघेही ज्या नगरात शेजारी म्हणून नांदले त्या काशीच्या परंपरेपुढे ठेवली असता ही निवड कशी दिसते?

प्रथम माध्यमाचा विचार. सुपर फॅमिकॉमवरील या खेळाचे चित्र आडवे २५६ आणि उभे २२४ बिंदूंचे. खोली नाही. योद्धे एकमेकांकडे तोंड करून एका रेषेवर उभे राहतात. पुढे, मागे, वर आणि खाली एवढ्याच दिशा त्यांना ठाऊक आहेत. अशा जगात शस्त्राहूनही मोलाची गोष्ट म्हणजे अंतर. कोणाचा फटका किती लांबून पोहोचतो, यावर झुंजीचे सारे व्याकरण आधारलेले असते. धालसिमची योजना या व्याकरणाच्या गाभ्याशी भिडते. त्याला जवळ जावे लागत नाही. तो दूर उभा राहून स्पर्श करतो. मात्र लांबवलेला हात हा त्याचाच देह असल्यामुळे त्या हातावर प्रतिस्पर्ध्याने घाव घातला तर तो योग्यालाच लागतो. त्याच्या उड्या संथ, तरंगत गेल्यासारख्या. हा योद्धा चालविणे नवशिक्याला जड जाते आणि जाणत्याच्या हाती तो प्रतिपक्षाला जवळ फिरकू देत नाही.

बाह्यरेषेवरून व्यक्ती ओळखू यावी ही गरज काही या यंत्राने निर्माण केलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथीत आणि चामड्याच्या बाहुल्यांत युद्धप्रसंग असेच सपाट पृष्ठभागावर उभे राहतात. एका बाजूस राम, दुसऱ्या बाजूस रावण, दोघांचीही मुखे एकमेकांकडे वळलेली आणि मधल्या मोकळ्या जागेत बाणांची गर्दी. दिव्याच्या उजेडात पडद्यावर पडणाऱ्या छायेत बारकाव्यांना वाव नसतो. दहा तोंडे किंवा माकडाची शेपटी हीच ओळख. तेव्हा धालसिमची ढोबळ रेखा हा सर्वस्वी जपानी कलावंतांच्या अज्ञानाचा परिणाम आहे असे म्हणणे घाईचे ठरेल. सपाट पडदा ढोबळपणा मागतो. प्रश्न उरतो तो एवढाच की, ढोबळ करताना कोणती रेषा ठेवली आणि कोणती पुसली.

लांब हाताच्या कल्पनेचे सर्वांत जवळचे मूळ सर्वसाधारणपणे एका चित्रपटात दाखविले जाते. जिमी वांग यू यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’ या १९७६ सालच्या चित्रपटात नाना देशांच्या लढवय्यांची स्पर्धा भरते आणि तीत हात लांबविणारा एक भारतीय योगी उतरतो. देशोदेशीच्या योद्ध्यांचा मेळावा आणि त्यातील भारतीय योगी या दोन्ही गोष्टी खेळात जशाच्या तशा आढळतात. हा प्रभावाचा संबंध झाला. त्याच्यामागे साम्याचा एक फार लांबचा पट्टा आहे आणि तो अधिक उद्बोधक आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतील विभूतिपादात सिद्धींची जी गणना येते तीवर भाष्य करताना व्यासांनी ‘प्राप्ती’ या सिद्धीचा अर्थ बोटाच्या टोकाने चंद्राला स्पर्श करण्याचे सामर्थ्य असा दिला आहे. समान वायूवर जय मिळविला असता देह प्रज्वलित होतो, आकाशात संचार करता येतो, देह कापसासारखा हलका होतो, या गोष्टीही त्याच पादात येतात. मुखातील अग्नी, तरंगती उडी आणि नंतरच्या आवृत्तीत आलेले एका जागी अदृश्य होऊन दुसऱ्या जागी प्रकटणे ही धालसिमची सारी सामग्री या यादीशी जुळते.

बौद्ध वाङ्मयातही हाच संकेत आहे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात भिक्षूला साध्य होणाऱ्या ऋद्धींचे वर्णन करताना सूर्यचंद्रांना हाताने स्पर्श करण्याचा उल्लेख येतो. काशीपासून हाकेच्या अंतरावरील सारनाथ येथे ज्या धर्माचे प्रवर्तन झाले त्याचे ग्रंथ चिनी भाषांतरांतून पूर्व आशियात गेले आणि ऋद्धिमान भारतीय साधूची कल्पनाही त्यांच्यासह गेली. जपानमध्ये तिची गाठ तेथील लोककथांत आधीच नांदणाऱ्या लांब हातांच्या आणि लांब पायांच्या अद्भुत माणसांशी पडली. ही जोडीही मुळात चिनी भूगोलग्रंथांतील परदेशी लोकांच्या वर्णनांतून आलेली. ओसाकाच्या चित्रकारांनी यांपैकी काही वाचले असेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु कल्पनाबंध वाचल्याशिवायही वारसाहक्काने मिळतात, आणि तौलनिक अभ्यासकाने प्रभाव व साम्य यांत निवड करण्यापेक्षा दोहोंमधील ही मधली, अनामिक वाटच अधिक तपासावयास हवी.

या वाटेवर काय गळले तेही पाहावे लागते. पतंजलीने सिद्धी सांगितल्या आणि लगेच त्यांना समाधीतील विघ्न म्हटले. मराठी परंपरेने हा विवेक कथारूपाने जपला आहे. वाघावर बसून हाती सर्पाचा चाबूक घेऊन आलेल्या चांगदेवाला ज्ञानेश्वर भिंतीवर बसून सामोरे जातात. प्रसंग झुंजीचा आहे, आव्हान आहे, प्रतिआव्हानही आहे. परंतु शेवटी सिद्धीचा अभिमान गळतो आणि शिष्यत्व उरते. याउलट मालू कवीच्या ‘नवनाथभक्तिसार’ या १८१९ सालच्या ग्रंथात नाथ अस्त्रांवर प्रतिअस्त्रे सोडतात, मंत्रून भस्म फेकतात आणि देवांनाही जेरीस आणतात. महाराष्ट्रातील घराघरांत ज्याचे पारायण होते त्या ग्रंथातील योगी धालसिमचा जवळचा आप्त वाटावा इतका युद्धकुशल आहे. म्हणून ‘योगी लढत नसतो, हा परकीयांचा गैरसमज’ असा आक्षेप मराठी वाचकाला तरी घेता येणार नाही. खेळात झाले ते एवढेच की, चांगदेव राहिला आणि भिंतीवरचे ज्ञानेश्वर गेले. ज्याला शास्त्राने विघ्न म्हटले तेवढेच पात्राचे सर्वस्व झाले.

कवट्यांच्या माळेची गोष्ट वेगळी आहे. कपाल आणि काशी यांचा संबंध पुराणप्रसिद्ध आहे. ब्रह्मदेवाचे मस्तक तोडल्यामुळे भैरवाच्या हाताला चिकटलेली कवटी काशीत गळून पडली आणि ते स्थान कपालमोचन झाले. काशीतील क्रींकुंड येथील कीनारामबाबांचे स्थान अघोर परंपरेचे पीठ म्हणून आजही प्रसिद्ध आहे. या परंपरांत कवटी ही प्रायश्चित्ताची, वैराग्याची आणि मृत्यूशी केलेल्या सलगीची खूण. खेळाच्या पार्श्वकथेत मात्र त्या कवट्या धालसिमच्या गावात रोगराईने दगावलेल्या मुलांच्या आहेत. त्यांची आठवण म्हणून तो त्या धारण करतो आणि गावासाठी धन मिळवावे म्हणून लढतो. त्याला पत्नी आहे आणि मुलगाही आहे. मुलाचे नाव दत्त, जे मराठी कानाला अगदी घरचे वाटते. म्हणजे देह अघोऱ्याचा, पण अंतःकरण गृहस्थाचे. भारतीय गृहस्थाश्रमाशी हे फारसे विसंगत नाही. परंतु गरिबी, रोग आणि मृत बालके यांनीच भारतीय पात्राचा हेतू सिद्ध व्हावा, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वृत्तपत्री भारतप्रतिमेचे प्रतिबिंब आहे. पुराणातील कवटीपेक्षा ही नवी कवटी अधिक बोचते.

आता काशीकडे वळावे. या नगरात ‘आखाडा’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. हनुमानघाटावर संन्याशांच्या जुना आखाड्याचे प्रमुख स्थान आहे, आणि तुलसीघाटावर जो आखाडा गोस्वामी तुलसीदासांच्या नावाशी जोडला जातो त्यात मल्ल माती अंगाला लावतात. एकाच शब्दाने साधूंची संघटना आणि कुस्तीचा हौदा या दोहोंचा निर्देश व्हावा, हे भाषेचे केवळ कौतुक नव्हे. दशनामी गोसाव्यांच्या शस्त्रधारी पलटणी अठराव्या शतकात प्रत्यक्ष रणांगणावर होत्या. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांसमोर उभ्या ठाकलेल्या शुजाउद्दौलाच्या फौजेत उमरावगिरी आणि अनूपगिरी या गोसावी बंधूंचे नागा सैनिक होते. हाच अनूपगिरी पुढे हिंमतबहादूर या नावाने महादजी शिंदे आणि अलीबहादूर यांच्या राजकारणात वारंवार दिसतो. लढवय्या योगी मराठी कागदपत्रांना चांगलाच परिचित आहे. फरक इतकाच की, त्याच्या हाती तलवार, भाला आणि बंदूक होती आणि त्याला पगार द्यावा लागे.

दुसऱ्या अर्थाच्या आखाड्याचे आजवरचे सर्वांत सूक्ष्म वर्णन योगायोगाने खेळाच्या घरगुती आवृत्तीच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. जोसेफ ऑल्टर या मानवशास्त्रज्ञाने काशीतील आखाडा रामसिंग येथे राहून केलेल्या अभ्यासावर आधारलेला त्याचा ‘द रेसलर्स बॉडी’ हा ग्रंथ १९९२ सालचा. विहीर, झाड, मारुतीचे स्थान आणि मऊ केलेली माती एवढ्या साहित्यात आखाडा उभा राहतो. त्या मातीत हळद, ताक, तेल घालतात. ती मल्लाला थंडावा देते, जखम भरते, आणि तिला पाय लावण्यापूर्वी नमस्कार केला जातो. मल्लाचे ब्रह्मचर्य, आहार, व्यायाम आणि गुरुभक्ती यांची तुलना ऑल्टरने संन्याशाच्या जीवनाशी केली आहे. संन्यासी देहापलीकडे जाण्यासाठी देह आवरतो, मल्ल देह घडविण्यासाठी आवरतो. दोघांचे नियम मात्र एकमेकांच्या ओळखीचे. नागपंचमीच्या दिवशी हे शेजारपण काशीत उघड दिसते. परंपरेने पतंजलीशी जोडल्या गेलेल्या नागकुआँ या कुंडावर त्या दिवशी शास्त्रार्थ होतो, आणि त्याच दिवशी नगरातील आखाड्यांत मातीची पूजा होऊन कुस्त्या लागतात. सूत्रकार आणि मल्ल यांचा सण एकच आहे.

या परंपरेत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. कोठुरे येथील बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे व्यायामविशारद. पुण्यास आव्हान देत आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांशी लढण्यापूर्वी त्यांनी सप्तशृंगगडावर अनुष्ठान केले आणि तेथे मारुतीने त्यांना खांबावरील कसरती दाखविल्या, अशी मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाची कथा आहे. स्तंभावरील श्रमाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त असल्याने कला त्याहून पुष्कळ जुनी. १८१८ नंतर पेशवा ब्रह्मावर्तास गेला आणि त्याच्या आश्रितांपैकी अनेकांप्रमाणे मल्लविद्येची ही शाखाही गंगाकाठी आली. बाळंभटांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्या नावाचा आखाडा काशीत नांदला. गादीच्या लयानंतर कवी, शास्त्री आणि पुराणिक यांनी काशीत काय केले यावर मराठीत विपुल लिहिले गेले. दंड-जोर काढणाऱ्या भटजींकडे वाङ्मयेतिहासकारांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले आहे.

काशीची आणखी एक विद्या प्रस्तुत विषयाच्या सर्वांत निकट आहे. तिचे नाव मुक्की. उघड्या मुठींनी लढावयाच्या या मुष्टियुद्धाची नोंद बडोद्याच्या द. चिं. मजुमदार यांनी १९५० च्या इंग्रजी व्यायामकोशात घेतली आहे. तीत तिची परंपरा तीन शतकांची सांगितली आहे. कधी दोघे समोरासमोर, तर कधी गटच्या गट एकमेकांवर तुटून पडत. लढवय्ये दगडावर मुठी आपटून त्या टणक करीत. या विद्येतील अग्रगण्य नाव नारायणगुरू बाळंभट देवधर यांचे. एकाच वेळी बारा जणांना आव्हान देऊन, त्यांचे फटके चुकवीत त्यांनी सर्वांना नामोहरम केल्याची आख्यायिका आहे. एकामागून एक प्रतिस्पर्धी जिंकीत जाणाऱ्या वीराची ही गोष्ट खेळाच्या रचनेशी किती जुळते! चार बलाढ्य अधिपती धरून खेळातील योद्ध्यांची संख्याही बाराच आहे. हा निव्वळ योगायोग आहे, तरी एका गोष्टीची जाणीव तो करून देतो. रस्त्यावरील मुष्टियोद्धा भारतातून आणावयाचा असता तर त्यासाठी कल्पनेला फार ताण द्यावा लागला नसता.

तो आणला गेला नाही याचे कारण माहितीचा अभाव, असे सहज म्हणता येईल; पण ते पुरत नाही. जपानला उपखंडातील पहिलवान ठाऊक होता. डिसेंबर १९७६ मध्ये कराची येथे जपानचा ख्यातनाम मल्ल अँटोनिओ इनोकी याने गामा पहिलवानाचा पुतण्या अक्रम याला हरविले, ही जपानी कुस्तीशौकिनांच्या आठवणीतील घटना आहे. टायगर जीत सिंग याने तर जपानी रिंगणात दीर्घकाळ खलनायकाची भूमिका वठविली. परंतु खेळातील कुस्तीची जागा आधीच वाटली गेली होती. सुमो जपानच्या होंडाकडे होता आणि पकडीची कुस्ती सोव्हिएत झँगिफकडे. आठ पात्रांच्या मांडणीत प्रत्येकाची लढण्याची रीत निराळी असावी लागते. तिसऱ्या मल्लाला तेथे स्थान नव्हते. भारताकडे वळताना जी रीत शिल्लक होती ती दूरस्पर्शाची होती आणि तिच्यासाठी योगी तयारच होता. पूर्वग्रहाइतकीच ही मांडणीची निकड निर्णायक ठरली असावी. पौर्वात्यवादाची सरसकट मुद्रा उमटवून मोकळे होणाऱ्या समीक्षेच्या हातून नेमका हा तपशील सुटतो.

योग्याच्या निवडीने गमावली ती माती. द्विमित खेळात जमीन ही केवळ एक रेषा असते. तिच्यावर उभे राहता येते, पडता येते, पण ती अंगाला लागत नाही. कुस्तीचा सारा अर्थ अंगाला लागण्यात आहे. दुरून स्पर्श करणारा योगी या माध्यमाला मानवला आणि मातीत मिसळणारा मल्ल मानवला नसता, हे मान्य केले तरी एक गोष्ट राहतेच. ज्या देशातील झुंजीची संस्कृती स्पर्शाची आहे, त्याच देशाचा प्रतिनिधी खेळात स्पर्श टाळणारा निघाला.

हा प्रतिनिधी मायदेशी पोहोचला तोही वाकड्या वाटेने. निन्टेन्डोचे १६ बिटी यंत्र भारतातील मध्यमवर्गीय घरांत क्वचितच होते. सेगाचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीमार्फत वितरित होऊ लागले तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. अनेक नोकरदारांचे ते काही महिन्यांचे वेतन. त्यामुळे घरोघरी दिसली ती फॅमिकॉमच्या धर्तीवरील ८ बिटी स्वस्त यंत्रे. मुले त्यांना ‘टीव्ही गेम’ म्हणत आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’. कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर २’ची फॅमिकॉमसाठी आवृत्ती कधी काढलीच नव्हती, जी मिळत होती ती पूर्व आशियातील अनधिकृत रूपांतरे. सहा कळांऐवजी दोनच कळा, रंग थोडे, आणि काही कॅसेटींत तर योद्धेही मोजकेच. मूळ संहिता, तिचे अधिकृत रूपांतर, त्याची अनधिकृत नक्कल आणि त्या नकलेचा भारतीय वाचक, ही साखळी भाषांतराच्या अभ्यासकाला परकी वाटू नये. एकोणिसाव्या शतकात शेक्सपिअर मराठी रंगभूमीवर असाच, अनेक हातांतून आणि मिळेल त्या प्रतीवरून आला होता.

पुढे प्रतिमेने आणखी काही वळणे घेतली. १९९४ च्या हॉलीवूड चित्रपटात धालसिम वैज्ञानिक झाला आणि ती भूमिका रोशन सेठ यांनी केली. ‘गांधी’ चित्रपटात आणि ‘भारत एक खोज’ या मालिकेत नेहरूंची भूमिका करणारे तेच नट. नेहरूंकडून योग्याकडे येताना वैज्ञानिकाचा पांढरा झगा मात्र अंगावर राहिला, ही गंमत बहुधा कोणी योजलेली नसावी. २०१६ च्या पाचव्या भागात धालसिमला दाढी आणि पागोटे मिळाले. कवट्या कायम राहिल्या. भारतीय मल्लाला खेळात प्रवेश मिळाला तो १९९६ साली, ‘स्ट्रीट फायटर ईएक्स’ या आवृत्तीत. दारुन मिस्टर असे त्याचे नाव. त्याच्या डावांना ब्रह्मा आणि इंद्र यांची नावे जोडलेली आहेत, आणि ज्या आवृत्तीत तो उतरला तीतील आकृती प्रथमच त्रिमित घडणीच्या होत्या.